द्विनेत्री दुर्बीण, झूम

दूरच्या वस्तू दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी मोठ्या व सुलट दिसाव्यात आणि त्यांचे विवर्धन (वस्तू किती पट मोठी दिसते ते प्रमाण) कळ सरकवून कमीजास्त करता यावे, यासाठी बनविलेले प्रकाशीय उपकरण. प्रवास, पक्षिनिरीक्षण, गिर्यारोहण, मैदानी खेळ पाहणे इ. प्रसंगी तिचे खिशात मावणारे लहान प्रकार वापरतात.

हान्स लिपर्शे या डच चष्मेकाराने १६०८ मध्ये दुर्बिणीच्या एकस्वासाठी अर्ज केला, तेव्हाच नेदर्लंड्सच्या शासनाने त्याला दोन्ही डोळ्यांसाठी उपकरण करण्यास सांगितले होते. बहिर्गोल वस्तुभिंग व अंतर्गोल नेत्रिका असलेल्या गॅलिलीओ पद्धतीच्या द्विनेत्रीत प्रतिमा सुलट मिळते पण दृष्टिक्षेत्र अरुंद राहते. त्यामुळे अशी द्विनेत्री मुख्यतः नाट्यगृहापुरती मर्यादित राहिली. नेत्रिका बहिर्गोल घेतल्यास क्षेत्र विस्तारते, मात्र प्रतिमा उलटी पडते. इग्नात्स्यो पोरो या इटालियन शास्त्रज्ञांनी १८५४ मध्ये लोलकांच्या जोडीत प्रकाशाचे चार वेळा परावर्तन घडवून प्रतिमा सुलट केली. त्यामुळे प्रकाशाचा मार्ग दुमडला जाऊन नळीही आखूड झाली. या तत्त्वावरील यशस्वी द्विनेत्री एर्न्स्ट आबे यांच्या प्रयत्नांनी येना येथील झाइस कंपनीने १८९४ मध्ये बाजारात आणली. तीत वस्तुभिंगे डोळ्यांपेक्षा अधिक अंतरावर असल्याने खोलीची जाणीव वाढते. लहान द्विनेत्रीत लोलक उलट बाजूने बसवून वस्तुभिंगे जवळ आणतात. आकार घटतो, पण खोलीच्या जाणिवेचा हा लाभ जातो.

द्विनेत्रीवर ८×३० असे अंक असतात. पहिला अंक विवर्धन व दुसरा वस्तुभिंगाचा मिमी.मधील व्यास दर्शवितो. झूम प्रकारावर १०–३०×२५ असे लिहिलेले आढळते. विवर्धन हे वस्तुभिंगाचे केंद्रांतर भागिले नेत्रिकेचे केंद्रांतर इतके असते. वस्तुभिंग तेच राहते. नेत्रिकेतील भिंगांचे गट एकमेकांच्या संदर्भात सरकवून नेत्रिकेचे केंद्रांतर बदलतात. दोन्ही नेत्रिका पट्टीने वा दंडाने जोडलेल्या असून त्या अगदी सारख्या सरकाव्या लागतात. त्यात थोडाही फरक पडला, तर दोन डोळ्यांना वेगवेगळ्या आकाराच्या प्रतिमा दिसतात व काही मिनिटांतच डोके दुखू लागते. स्वस्त उपकरणांत हा दोष वारंवार आढळतो.

३० हा अंक ग्राहकाला भुरळ घालतो, पण त्यामागील हिशेब पाहण्यासारखा आहे. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले विवर्धन. वरील उदाहरणात तो १० पटीला २·५ मिमी. व ३० पटीला सु. ०·८ मिमी. येतो. भर दिवसा डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमी. असते, म्हणून १० पटीला दृश्य उजळ दिसते. ३० पटीला उजळपणा सु. एकनवमांश होतो आणि दाट रानात वा संधिप्रकाशात पक्ष्याचा रंगही ओळखू येत नाही. शिवाय विवर्तनामुळे २५ मिमी. व्यासाचे भिंग ४·६ विकलांहून सूक्ष्म तपशील वेगळा करू शकत नाही. साधारण २५ पटीपुढे प्रतिमा फुगते, तपशील मात्र वाढत नाही. हाताचा कंपही तितकाच पट वाढतो. १० पटीपुढे तिपाई किंवा भक्कम टेका घेणे इष्ट ठरते. दृष्टिक्षेत्राची अडचण याहून मोठी आहे. १० पट स्थिर विवर्धनाच्या द्विनेत्रीत साधारणपणे ५° ते ६·५° क्षेत्र दिसते, तर झूम द्विनेत्रीत त्याच विवर्धनाला अनेकदा ३° ते ४° एवढेच. उडता पक्षी त्यात सापडेपर्यंत निघून गेलेला असतो. म्हणून प्रवासासाठी ८×२५ किंवा थोडे वजन चालत असल्यास ८×३२ ही स्थिर विवर्धनाची द्विनेत्री प्रस्तुत लेखकास अधिक उपयुक्त वाटते. बंदरातील जहाजाचे नाव वाचणे, दूरच्या कड्यावरील घरटे न्याहाळणे अशा स्थिर लक्ष्यांसाठी, उपकरण टेकवून ठेवल्यास, झूमचा खरा उपयोग होतो.

कोणत्याही द्विनेत्रीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. २५ मिमी. व्यासाचे भिंग २·५ मिमी. बाहुलीच्या मानाने सु. १०० पट प्रकाश गोळा करते. दृष्टिपटल कायमचे भाजते आणि तेथे वेदनाग्राहक नसल्याने इजा होताना वेदना जाणवत नाही. ग्रहणकाळी नेत्रिकेपाशी काळी काच धरणेही घातक आहे, कारण ती तापून तडकू शकते. सूर्यासाठी बनविलेली प्रमाणित गाळणी दोन्ही वस्तुभिंगांच्या पुढे घट्ट बसवावी लागते.

वापरण्यापूर्वी डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चक्राने प्रतिमा स्पष्ट करतात, मग उजव्या नेत्रिकेवरील कड्याने उजव्या डोळ्याचा फरक भरून काढतात. झूम द्विनेत्रीत ही जुळणी सर्वाधिक विवर्धनावर करून मग विवर्धन कमी करावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते व तिचे डाग लेपावर कायम राहू शकतात. नायट्रोजन भरून मोहोरबंद केलेल्या नळ्यांत आत बाष्प शिरत नाही, परंतु सरकत्या भागांमुळे झूम द्विनेत्री अशी बंद करणे अवघड जाते. पावसाळ्यात ती सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवतात.