गच्ची गळते, पण भोक कुठे आहे?

छताला ओल दिसली की आपले व्यापारी बांधव दोनच कामे करतात. एक तर खालून पुट्टी आणि रंग मारतात, नाहीतर बाजारातून डांबराचा डबा आणून वर ओततात. दोन्हींत पैसा जातो आणि पहिल्याच मोठ्या पावसात डाग पुन्हा हजर होतो. कापडाच्या धंद्यात मी तीस वर्षे काढली. ही चूक मी स्वतः करून बसलो आहे, म्हणून लिहितो.

२०१९ च्या जुलैत भिवंडीतल्या माझ्या गाळ्यात पंख्याच्या हुकाजवळ पाणी टपकू लागले. ठेकेदाराने बरोबर त्या जागेच्या वर, गच्चीवर, चार बाय चार फुटांचा कोबा फोडून नवा केला. आठ दिवसांनी पुन्हा टपटप सुरू. तोवर खाली ठेवलेल्या सुती पॉपलिनच्या नऊ ताग्यांना बुरशी धरली होती. ते चिंधीच्या भावात द्यावे लागले. शेवटी एका जुन्या गवंडीचाचांनी खरी जागा दाखवली. टाकीचा पाईप गच्चीतून खाली उतरतो तिथला सांधा उघडा पडला होता, आणि तो पंख्यापासून चौदा फूट लांब होता. पाणी सांध्यातून कोब्याखाली जायचे, स्लॅबमधल्या विजेच्या नळीत शिरायचे आणि नळी जिथे उघडते तिथे, म्हणजे पंख्याच्या डब्यात, बाहेर पडायचे.

म्हणून पहिली गोष्ट ही की पाणी जिथे टपकते तिथेच ते शिरते असे नाही. आणि पंख्यातून किंवा दिव्याच्या डब्यातून पाणी येत असेल तर आधी तिथली वीज बंद करा, गळतीचा विचार नंतर.

मग वेळ पाहा. पाऊस नसतानाही गळत असेल तर दोष गच्चीचा नाही. टाकी, नळ किंवा वरचे न्हाणीघर तपासा. पाऊस सुरू होताच गळत असेल तर बहुतेक पाईपचा सांधा किंवा उघडा तडा असतो. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही थेंब पडत राहिले तर कोब्यात पाणी मुरून बसले आहे असे समजावे.

आता गच्चीवर चला. सपाट गच्ची म्हणतो खरी, पण तिला शंभर फुटांना निदान एक फूट तरी उतार हवा. पाऊस थांबला की तळी कुठे साचतात ते पाहून त्यांच्याभोवती खडूने रेघ मारा. पाणी जाण्याचे तोंड साफ आहे ना? अर्ध्या गळत्या पाला, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कबुतरांच्या घाणीने तोंड बुजल्यामुळे सुरू होतात. त्यानंतर कठडा आणि गच्ची मिळतात ती कड पाहा. गवंडी तिथे सिमेंटचा गोल वाटा मारतात. उन्हापावसाने स्लॅब फुगतो-आकसतो तेव्हा पहिली चीर तिथेच पडते. टाकीचे पाय, पाईप, अँटेनासाठी ठोकलेले खिळे, हे सगळे बोटाने चाचपून पाहा.

डोळ्यांना सापडले नाही तर पाणी कोंडून चाचणी करावी. पाणी जाण्याचे तोंड बंद करा, मातीची किंवा मसाल्याची पाळ घालून गच्चीचे भाग पाडा, आणि एकेका भागात इंच-दीड इंच पाणी चोवीस तास ठेवा. ज्या भागाच्या वेळी खाली ओल येईल, दोष त्या भागात. सुरुवात सखल भागापासून करा. पाणी जास्त भरू नका. दहा बाय दहा फुटांवर एक इंच पाण्याचे वजनच सुमारे २३५ किलो होते. इमारत जुनी असेल, स्लॅब खाली झुकलेला दिसत असेल, तर ही चाचणी मुळीच करू नये.

दुरुस्ती तशी अवघड नाही, घाई केली तरच बिघडते. चीर नुसती वरून लिंपू नका. छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच काढा, तारेच्या ब्रशने भुकटी झाडा, धुवा, आणि सिमेंट-वाळूच्या मसाल्यात लॅटेक्स मिसळून भरा. वर काही दिवस पाणी मारा. पाईपभोवतीची जागा हलती असते. तिथे सिमेंट पुन्हा फुटते, म्हणून लवचिक सीलंट भरावे. मग संपूर्ण भागावर दोन हात लेप, मध्ये फायबरची जाळी, दुसरा हात पहिल्याच्या आडवा, आणि लेप कठड्यावर निदान फूटभर वर चढवावा. सिमेंटच्या लेपाला जमीन दमट लागते, अॅक्रिलिकच्या लेपाला कोरडी ठणठणीत. डब्यावरची सूचना वाचली नाही तर महिन्यात पोपडे निघतात. कोब्यावर दुसरा कोबा चढवणे मात्र टाळा, वजन स्लॅबलाच पेलावे लागते.

खालचा प्लास्टर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर काम गवंड्याचे राहिले नाही, इंजिनियरला दाखवावे.

हे सगळे मे महिन्यात उरकायचे. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि लेप वाळायला दिवस लागतात. पाऊस अंगावर आलाच तर कठड्याबाहेर लोंबेल इतकी मोठी ताडपत्री टाकून तो हंगाम काढावा. तोवर माल फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावा. भिजलेले थान घडीत ठेवू नका. त्याच दिवशी उलगडून वाऱ्याला टाका, नाहीतर रंग उतरतो आणि वास राहतो.

गाळा किंवा घर सोसायटीत असेल तर पावसाच्या पाण्याने होणारी गळती दुरुस्त करण्याचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचा असतो. सभासदाच्या स्वतःच्या संडास-मोरीतून झालेली गळती ज्याची त्याने करायची. सेक्रेटरीला तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि नकलेवर पोच घ्या. विम्याचेही तसेच आहे. हळूहळू झिरपून झालेले नुकसान साधारणपणे विम्यात बसत नाही, तेव्हा पुढचा हप्ता भरण्याआधी एजंटाला पॉलिसीतले ते कलम बोट ठेवून दाखवायला सांगा.