साबणाचा फेस आणि शास्त्रज्ञाची मोजदाद

रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे पूर्णगडाचा किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याशी खाडीच्या खाऱ्या पाण्यात कोणी कपडे धुवावयास बसला, तर साबणाला फेस येत नाही. चिकट साका तेवढा हाताला लागतो. खाऱ्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार साबणाशी संयोग पावतात, आणि न विरघळणारा पदार्थ तयार होतो. गोड्या पाण्यात मात्र तोच साबण भराभर फेसाळतो. तेथे विरघळलेला साबण नेमका कोणत्या रूपाने असतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तो ज्यांनी सोडविला, ते डॉ. जेम्स विल्यम मॅकबेन पुढे पुण्यास येऊन राहिले.

मॅकबेन यांचा जन्म १८८२ साली कॅनडात झाला. रासायनिक घडामोडींचा उष्णता, वीज, दाब यांच्या मोजमापाने विचार करणाऱ्या शास्त्रास भौतिक रसायनशास्त्र म्हणतात. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे मॅकबेन यांनी त्याच शास्त्राच्या साधनांनी साबणाचे पाणी तपासले, तेव्हा एक कोडे पुढे आले. ते पाणी वीज चांगली वाहून नेई. त्यावरून त्यात विद्युद्भारित कण पुष्कळ असावेत असे वाटे. उलट, कणांच्या संख्येवर अवलंबून असणारे गुणधर्म मोजावेत, तर कण फारच थोडे आहेत असे दिसे. १९१३ साली मॅकबेन यांनी उत्तर मांडले: साबणाचे कण सुटे राहत नाहीत, ते घोळका करून राहतात, घोळके मोजके, परंतु प्रत्येकावर भार मोठा. या घोळक्यालाच मायसेल म्हणतात. पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आत आणि पाण्याशी सख्य असणारी डोकी बाहेर, ही त्याची रचना पुढील संशोधनाने स्पष्ट झाली. कपड्यावरील तेलकट मळ या घोळक्यांच्या पोटात शिरतो व पाण्याबरोबर निघून जातो.

ही कल्पना प्रथम अनेक विद्वानांना पटली नाही. तथापि १९३९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने मॅकबेन यांना डेव्ही पदक दिले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद स्वीकारले. या प्रयोगशाळेची कोनशिला मुंबई प्रांताचे तत्कालीन मुख्यमंत्री, रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर खेर यांनी ६ एप्रिल १९४७ रोजी बसविली, आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. मॅकबेन १९५२ पर्यंत त्या पदावर होते. १९५३ साली ते निवर्तले.

अशा आयुष्याचे मोल कसे करावे? आज त्यासाठी अंक वापरतात. एका संशोधकाच्या निबंधाचा इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा उल्लेख केला, याची पद्धतशीर सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी एक सुटसुटीत निर्देशांक सुचविला: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. पदोन्नती व अनुदान ठरविताना अशा अंकांकडे पाहिले जाते, आणि ते सर्वस्वी निरुपयोगी आहेत असेही नव्हे. एखादे संशोधन किती जणांच्या हाती पोचले, हे त्यांवरून कळते.

परंतु त्यांत एक मोठी फट आहे. एखादी कल्पना सर्वमान्य झाली, की तिच्या जनकाचे नाव घेण्याची कोणाला गरज वाटत नाही. मायसेल आज पाठ्यपुस्तकांत आहेत, औषधे शरीरात पोचविण्याच्या प्रयोगांतही आहेत. पण त्यांविषयी लिहिणारा प्रत्येक जण १९१३ च्या निबंधाचा उल्लेख करीत बसत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ज्ञानाच्या या रीतीकडे लक्ष वेधले होते: कल्पना जितकी अंगवळणी पडावी, तितका तिचा कर्ता दिसेनासा व्हावा. शिवाय सदुसष्टाव्या वर्षी परदेशी येऊन नवी प्रयोगशाळा चालती करणे, हे काम कोणत्या निर्देशांकात मावणार?

घरातील मुलगा वा मुलगी संशोधनाकडे वळली, म्हणजे तिच्या कामाचा अंक किती, असे पुसले जाईलच. त्याआधी, तिने कोणता प्रश्न हाती घेतला आहे, हे घरच्यांनी पुसावे.