वैजापूरची छायाचित्रे आणि दूरची बाजारपेठ

वैजापूर तालुक्यात कापूस, मका आणि कांदा ही पिके घेतली जातात. कांद्याची प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया, रोटेगाव स्थानकावरील प्रवासी, शाळेच्या वाटेवरील मुले ही दृश्ये येथील रहिवाशांना नित्याचीच आहेत. परंतु पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, वृत्तपत्रे, बँका आणि बियाण्यांच्या कंपन्या यांना नेमकी अशीच छायाचित्रे हवी असतात. अनेक छायाचित्रकारांची चित्रे संग्रही ठेवून ग्राहकांना पुरविणाऱ्या संस्थांना ‘स्टॉक एजन्सी’ असे म्हणतात.

हा व्यवसाय महाराष्ट्राला नवा नाही. जगदीश अग्रवाल यांनी १९८७ मध्ये मुंबईत ‘दिनोदिया’ ही चित्रसंस्था स्थापन केली. पुढे २००० मध्ये ‘आयस्टॉकफोटो’ आणि २००३ मध्ये ‘शटरस्टॉक’ या परदेशी संस्था इंटरनेटवर सुरू झाल्या आणि तालुक्याच्या गावातूनही चित्रे पाठविणे शक्य झाले. येथे सामान्यतः चित्राची मालकी विकली जात नाही. ते वापरण्याचा परवाना दिला जातो. त्यामुळे एकच चित्र अनेकदा उत्पन्न देऊ शकते.

यासाठी कर्ज काढून महागडा कॅमेरा घेण्याची आवश्यकता नाही. ‘अ‍ॅडोबी स्टॉक’ या संस्थेस किमान ४ मेगापिक्सेलचे छायाचित्र चालते. चांगल्या मोबाईलमधील १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ही अट सहज पूर्ण करतो. पुढील पायरी म्हणून वापरलेला डिजिटल कॅमेरा, ५० मिलिमीटरचे साधे भिंग आणि एक ट्रायपॉड पुरेसा होतो. सकाळचा तिरपा प्रकाश आणि सावली उजळण्यासाठी पांढऱ्या थर्माकोलचा तक्ता यांनी पुष्कळ काम भागते. चित्र स्पष्ट असावे आणि त्यात कंपनीचे बोधचिन्ह नसावे. ‘शेत’ एवढेच न लिहिता पीक, काम, हंगाम व स्थळ यांचा नेमका उल्लेख केल्यास ग्राहकाला ते चित्र सापडते.

उपकरणांपेक्षा अधिक महत्त्वाचा प्रश्न संमतीचा आहे. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र जाहिरातीसाठी द्यावयाचे असल्यास त्या व्यक्तीची स्वाक्षरी असलेले संमतीपत्र लागते. मुलांच्या बाबतीत ते पालकांनी द्यावे लागते. शेतमजूर स्त्रीचा चेहरा कोठे वापरला जाऊ शकतो, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्य होय. स्वामित्वहक्काचा नियमही ध्यानी ठेवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क ते काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून लग्नसमारंभाची किंवा ग्रामपंचायतीने पैसे देऊन काढून घेतलेली चित्रे छायाचित्रकाराने परस्पर विकू नयेत.

उत्पन्नाबाबत अवास्तव अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे. ‘शटरस्टॉक’ने २०२० पासून छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के असा ठरविला असून दर जानेवारीत त्याला पुन्हा तळाच्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. ‘अ‍ॅडोबी स्टॉक’ छायाचित्रासाठी ३३ टक्के देते. मात्र किमान २५ डॉलर जमल्याशिवाय रक्कम काढता येत नाही. एका विक्रीमागे २० सेंट मिळाले असे धरल्यास त्यासाठी १२५ विक्री व्हाव्या लागतील. त्यातच २०२२ पासून संगणकाने रचलेली चित्रेही या बाजारात आली आहेत. साधा सूर्यास्त यंत्रही निर्माण करील. परंतु वैजापूरच्या शेतातील खरे काम, खऱ्या माणसाच्या संमतीने टिपलेले, त्याला देता येणार नाही. हेच येथील छायाचित्रकाराचे भांडवल होय.

हा शेतीला किंवा दुकानाला जोडधंदा होऊ शकतो, पर्याय नव्हे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चित्राची नेमकी माहिती लिहिण्यास शिकविले आणि पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांना संमतीपत्राचा अर्थ समजावून दिला, तर कष्टकऱ्यांची प्रतिष्ठा राखून गावाचे खरे रूप दूरवर पोहोचेल.