वरच्या खाचराचं पाणी

कोल्हापूरहून गगनबावडा जेमतेम ५५ किलोमीटर, पण तेवढ्या वाटेत पाऊस पाचपट होतो. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, बावड्यात पाच हजारांच्या वर. कळे मागे पडलं की ऊस नदीकाठाला राहतो आणि साळवणपासून डोंगरउतारावर भाताची खाचरं एकावर एक चढत जातात. चीनच्या युनान प्रांतातली पायऱ्यांची शेती बघायला जगभरातून माणसं येतात. तिचं कौतुक मलाही आहे. पण तीच विद्या आपल्या जिल्ह्यातले शेतकरी पिढ्यान् पिढ्या चालवत आलेत, ते बघायला आपण कोल्हापूरकर कधी जाणार?

माझं आजोळ तिथंच, असळजच्या वरच्या अंगाला. यंदा भातलावणीला आम्ही सगळेच गेलो; हे, मुलगा, सून आणि नात. मामेभाऊ, म्हणजे माझा दादा, आम्हाला थेट बांधावर घेऊन गेला. चिखलणी आदल्या दिवशी झालेली. चिखल तुडवायचा तो नुसती जमीन मऊ व्हावी म्हणून नाही. बारीक गाळ खाली बसून तळ लिंपला जातो आणि पाणी मुरायचं थांबतं. ते झालं नाही तर एवढ्या पावसातही खाचर कोरडं पडतं. अरुंद खाचरात ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून इथे अजून बैल टिकून आहेत.

दादा बांधाच्या कडेकडेनं अनवाणी चालत होता, पायानंच काहीतरी चाचपत. एका जागी थांबला, कोपरापर्यंत हात घातला आणि नातीला म्हणाला, "ह्यो बघ, खेकड्यानं बोगदा पाडलाय. रात्रीत सगळं पाणी खाली. माझं रोप वाळतंय आन् खालच्याचं बुडतंय." मग चिखलात पेंढा कालवून त्यानं ते भोक ठासून बुजवलं. नातीनं पुढची भोकं शोधून दिली.

प्रत्येक बांधाला पाण्याची एक वाट ठेवलेली असते. तिची उंची ठरवणं हेच खरं कसब. पाणी वर किती ठेवायचं आणि खाली किती सोडायचं हे एकट्यानं ठरवून चालत नाही. खालच्याचाही विचार करावा लागतो. लावणही पैऱ्यानं होते. आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. इरली पांघरून बायका ओळीनं वाकल्या की तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बघता बघता संपतात.

युनानमधल्या हानी लोकांची रीतही अशीच. डोंगरमाथ्यावर जंगल, त्याखाली गाव, गावाखाली खाचरं आणि तळाला नदी. सुमारे १३०० वर्षं त्यांनी ही घडी मोडू दिलेली नाही. पाटात आडवं लाकूड टाकतात, त्याला खाचा पाडलेल्या असतात. ज्याचा जेवढा वाटा तेवढी त्याची खाच रुंद. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्या सगळ्या परिसराला जागतिक वारसा मानलं, शेतीसकट. आपलं राधानगरी अभयारण्यही २०१२ पासून त्या यादीत आहे, पण जंगल म्हणून. जंगलाच्या पाण्यावर पिकणारी खाचरं मात्र कुणाच्या हिशेबात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजऱ्याच्या घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा निदान एका तांदळाचं तरी नाव झालं.

दादाच्या शेताच्या वरची दोन खाचरं पडीक आहेत. मालक मुंबईला नोकरीत. दरवर्षी तरवा टाकावा, गव्यांपासून राखण करावी आणि हाती यावं थोडकं भात; घर सोडून गेलेल्या पोरांना मी दोष देणार नाही. पण वरचा ताल, म्हणजे दगडी बांध, ढासळला की त्याचे दगड आणि माती खालच्या भातावर येतात. मग त्याची डागडुजी करायची खालच्यानं. सपाट रानात शेजाऱ्याचं पडीक शेत फार तर तण देतं, इथे ते खालचं शेतही घेऊन जातं. जुन्या खाचरांची दुरुस्ती, म्हणजे मजगीची कामं, सरकारी योजनांत बसतात. पण मालक गावात नसेल तर अर्ज करणार कोण?

माझ्या मुलानं परवा त्या मालकांना फोन केला. ते राजी आहेत. दिवाळीनंतर दगड रचून ताल उभा करायचा, खर्च निम्मा निम्मा, आणि पुढच्या मृगाला ती खाचरं दादानं कसायची. वहिनीनं एकच अट घातली आहे: एका खाचरात घनसाळ लावून बघायचा.