सन्मानाआधी नाव हवे

लग्नसराईत बिडकीनसारख्या बाजारगावातून वरात निघाली की ब्रास बँडचा नाद अर्ध्या गावाला ऐकू येतो. वाजविणाऱ्याचे नाव मात्र नवरदेवालाही ठाऊक नसते. ही उपेक्षा केवळ बँडवाल्याच्याच वाट्याला आली आहे असे नाही. मुंबईचे चित्रपटसंगीत ज्यांच्या वाद्यांवर उभे राहिले, त्या गोमंतकीय वादकांची कथाही याहून फारशी निराळी नाही.

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६-१९६७) हे ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने जाझच्या मैफली गाजवीत. पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांना त्यांनी संगीतात साहाय्य केले आणि १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याच्या कृतज्ञतेमुळे त्यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात आले व घरोघरी पोचले. पण तो खराखुरा माणूस आहे, हे कितीजणांस ठाऊक होते?

अमेरिकेतही कलावंतांचे दिवस सुखाचे नव्हते. नळी पुढे-मागे सरकवून वाजविण्याचे ट्रॉम्बोन हे वाद्य द्रुत लयीला जड मानले जाई. इंडियानापोलिसच्या जे. जे. जॉन्सन (१९२४-२००१) यांनी त्यावर नव्या जाझची चपळ गती साधून दाखविली. तरीही १९५२ पासून सुमारे दोन वर्षे या वादकाला पोटासाठी एका कारखान्यात नकाशे तपासण्याची नोकरी करावी लागली. पुढे तेथील राष्ट्रीय कलासंस्थेने १९८२ पासून 'जाझ मास्टर' हा सन्मान सुरू केला. १९८७ मध्ये काँग्रेसने ठराव करून जाझला राष्ट्रीय ठेवा म्हटले. आणि १९९६ मध्ये जॉन्सन यांना तो सन्मान मिळाला. उशीर झाला खरा, पण तो त्यांच्या हयातीत मिळाला.

जाझ परके, मग त्याचे कौतुक आपण का करावे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु व्हायोलिन परकेच होते. पेटीवर तर आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके बंदी घातली होती. आज पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हाती रुजले, हे पाहणे अधिक न्यायाचे.

आपल्याकडे पद्म पुरस्कार १९५४ पासून दिले जातात. ते सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत. म्हणजे विस्मरणाची किंमत कलावंतालाच मोजावी लागते. मात्र त्यांसाठी शिफारस करण्याचा अधिकार आता कोणाही नागरिकाला आहे. शिफारशीला हवी असते ती माहिती: नाव, गुरू, वर्षे, वाजविलेल्या रचना. नेमकी तीच आपण टिपून ठेवीत नाही. चित्रपटाच्या नामावलीत संगीतकाराचे नाव झळके. वाद्यवृंदातील वादक बहुधा निनावीच राही.

तेव्हा दिल्लीकडे बोट दाखविण्याआधी आपले काम आपण करावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावच्या वृद्ध वादकांची माहिती लिहून घ्यावी. लेखणी हाताशी असलेल्या कारकून मंडळींनी ती नीट जतन करावी. बिडकीनच्या बँडमधील प्रत्येकाला पदक मिळणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्याचे नावच कोठे लिहिलेले नाही, त्याला सन्मान देऊ म्हटले तरी देता येत नाही.