मोरीच्या पलीकडे

घर स्वच्छ ठेवण्यासाठी कोणता साबण घ्यावा, कोणती पावडर वापरावी, हा प्रश्न समाजचिंतनाच्या नियतकालिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. तो ‘गृहिणींचा’ विषय आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु या देशात स्वच्छता ही कधीही केवळ घरगुती बाब नव्हती. घाण कोणी करावी आणि ती कोणी उचलावी, याची वाटणी येथे जन्माने ठरवून दिलेली होती. मोरीच्या भोकाशी आपले घर संपते आणि पलीकडे जे जाते ते ‘त्यांचे’ होते, ही वृत्ती त्या वाटणीतूनच आलेली आहे.

अलीकडे बाजारात ‘पर्यावरणपूरक’ म्हणून ज्या बाटल्या येतात त्यांच्यावर हिरवे पान असते, पाण्याचा थेंब असतो. माणूस मात्र नसतो. वास्तविक मोरीच्या पलीकडे नुसती नदी नाही. नाली उपसणारा सफाई कामगार आहे. आणि अलीकडे, मोरीवर वाकलेली धुणेभांडी करणारी बाई आहे. म्हणून एखादी वस्तू चांगली की वाईट हे ठरवताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ही वस्तू कोणाच्या हाताला लागणार? आणि ती वाहून कोणाच्या अंगावर जाणार? या दोन प्रश्नांना टाळून होणारी पर्यावरणाची चर्चा ही सुखवस्तू वर्गाची करमणूक आहे.

बुलडाणा जिल्ह्यापुरते पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांत वाटून दिले आहे. खामगाव-मलकापूरच्या नाल्या पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात, तेथून तापीत आणि अरबी समुद्रात. मेहकरचे सांडपाणी पैनगंगेकडे, म्हणजे अखेरीस गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे. पैनगंगा याच जिल्ह्यात उगम पावते आणि बुलडाणा शहर तिच्यावरच्या येळगाव धरणाचे पाणी पिते. वरच्याचे सांडपाणी हे खालच्याचे पिण्याचे पाणी असते. पाणवठ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जडपणाची. काळ्या पाषाणातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव-जामोदकडचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तर प्रसिद्धच आहे. अशा पाण्यात साबण फाटतो. फेस येण्याऐवजी चिकट पांढरा साका तयार होतो. मग माणूस आणखी साबण घासतो, आणखी पावडर ओततो. ती सगळी नालीत जाते. म्हणजे येथे मळ काढण्याआधी पाणी वळवण्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अत्यंत स्वस्त आहे: धुण्याचा सोडा. बादलीभर पाण्यात चमचा-दोन चमचे सोडा आधी विरघळवला की जड क्षार खाली बसतात, आणि नंतर निम्म्या साबणातही काम भागू शकते. शिक्षक मित्रांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. दोन बाटल्यांत एकाच बोअरचे पाणी घ्यावे, एकीत चिमूटभर सोडा घालावा आणि दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवावे. फेसाची उंची मुले पट्टीने मोजतील.

हा सोडा या जिल्ह्याला परका नाही. लोणारचे सरोवर पर्यटकांना उल्केच्या आघाताने पडलेले विवर म्हणून ठाऊक असते, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर आहेच. परंतु शेकडो वर्षे लोणारची ओळख तेथील क्षारांवरून होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त नोंद करून ठेवली आहे की, या भागात काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात आणि त्यापासून चांगला महसूल येतो. सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर व तळाशी क्षार साठत. त्यांच्या प्रतींना डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. कोणता बांगडीच्या काचेला, कोणता साबणाला, कोणता पापडखाराला, हे त्या कामातली माणसे ओळखत. नावे टिकली, ती देणारी, चिखलात उतरून खार काढणारी माणसे कोण, हे इतिहासाने लिहून ठेवले नाही. महसुलाची नोंद होते, घामाची होत नाही.

हा धंदा कारखान्याच्या सोड्यापुढे टिकला नाही. बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६०च्या दशकात मीठ, अमोनिया आणि चुनखडी यांपासून सोडा करण्याची रीत बसवली. आपल्याकडे १९३९ साली स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचा सौराष्ट्रातील मिठापूरचा सोडा देशभर गेला. हा सोडाही अगदी निष्पाप नाही; तो तयार होताना कॅल्शियम क्लोराइडचे पुष्कळ सांडपाणी निघते. मग लोणारचा खार पुन्हा काढावा काय? मुळीच नाही. सरोवराचा परिसर २००० साली अभयारण्य झाला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत गेला. त्या पाण्यातली सूक्ष्म जीवसृष्टी त्या क्षारांवरच जगते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले होते, ते पाण्यातील खारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. उलट आज लोणारची तक्रार निराळी आहे. ज्या सरोवराने साबणाचा कच्चा माल दिला, त्यातच गावाचे सांडपाणी आणि झऱ्यांवर धुण्या-अंघोळीचा साबण उतरतो. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत दाद मागावी लागली.

सोडा, सज्जीखार आणि राख यांचे शास्त्र ज्यांच्या हाती होते तो परीट समाज. भट्टी लावून, खारात कपडे उकळून मळ सोडवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी जपली आणि तिच्या मोबदल्यात त्यांना हलकेपणा मिळाला. गाडगेबाबा याच समाजातले, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. त्यांच्या नावाने शासनाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले, त्यांचा खराटा चित्रांत काढला. पण बाबा स्वतः झाडत, दुसऱ्याला झाडायला लावून आपण भाषण करीत नसत, हा मुद्दा त्या चित्रांत येत नाही.

तर सोडा तेलकट ओट्याला, फरशीला, सुती कपड्यांना चांगला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, ती काळी पडतात. लोकर आणि रेशीम यांनाही तो चालत नाही. त्यांच्यासाठी रिठा किंवा हिंगणबेटाचा गर. रेशीम धुण्यासाठी हिंगणाचा उपयोग जुन्या काळापासून होत आला आहे. रिठ्यात सॅपोनिन नावाचे फेस करणारे द्रव्य असते आणि ते जड पाण्यातही साबणासारखे फाटत नाही. मात्र ‘निसर्गातले ते निरुपद्रवी’ हा भाबडेपणा सोडला पाहिजे. हिंगणाचेच फळ डोहात टाकून मासे मारण्याची रीत होती. रिठ्याचे पाणीही तळ्यात किंवा ओढ्यात ओतायचे नसते. झाडाच्या बुंध्याला घालावे.

भांड्यांना चाळलेली राख आणि काथ्या, तांब्या-पितळेला चिंच. यात नवे काहीच नाही. आपल्या आयांनी हेच केले, कारण दुसरे परवडत नव्हते. आज तेच देखण्या डबीत भरून शहरात महाग विकले जाते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याची सध्या मोठी टूम आहे. ती फसफस डोळ्यांना छान दिसते, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात. उरते ते जवळजवळ मिठासारखे निष्क्रिय पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरावेत: चिकट तेलाला सोडा, क्षाराच्या डागाला आंबट.

डिटर्जंट पावडरचे पाप-पुण्य थोडक्यात सांगता येईल. पूर्वीची काही फेसकारी द्रव्ये पाण्यात कुजत नसत आणि नद्यांवर फेसाचे डोंगर येत. आताची बहुतेक कुजतात. मात्र ज्या पावडरीत फॉस्फेट असते ती पाण्यातल्या शेवाळाला खत पुरवते. युरोपीय संघाने घरगुती कपड्यांच्या पावडरीतील फॉस्फेटवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली. आपल्याकडे १९९१ साली ‘इकोमार्क’ नावाची शासकीय खूण निघाली, मातीच्या मडक्याची. साबण आणि डिटर्जंट तिच्या कक्षेत होते. दुकानात ते मडके क्वचितच दिसले. २०२४ साली त्याचे नवे नियम आले. कार्यकर्त्यांनी दुकानदाराकडे ती खूण मागावी. मागणीशिवाय काहीच येत नाही.

आता खरा मुद्दा: ॲसिड. संडासचे भांडे पांढरे करणाऱ्या बहुतेक प्रसिद्ध बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गल्लीत सुटे ॲसिड विकणारेही फिरतात, जरी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी खटल्यात जुलै २०१३ मध्ये किरकोळ विक्रीवर कडक निर्बंध घातले. ॲसिडचा गुण एकच, ते वेळ वाचवते. लिंबूसत म्हणजे सायट्रिक आम्ल दोन-तीन चमचे रात्री टाकून सकाळी घासले, तर क्षाराचा डाग निघतो. पण त्याला रात्रभर थांबावे लागते आणि हात चालवावा लागतो. वेळ वाचतो तो मालकाचा. डोळे चुरचुरतात ते घासणाऱ्याचे.

त्याहून घातक गोष्ट अशी की अनेक घरांत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ ओततात, ‘अधिक स्वच्छ’ व्हावे म्हणून. या दोहोंतून क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तोच हा वायू. खंदकांएवढा वायू संडासात निघत नाही हे खरे, पण दार लावलेल्या चार फुटांच्या जागेत थोडासाही छातीला पुरतो. ब्लीचिंग पावडर ही वस्तू वाईट नाही. साथीच्या दिवसांत, मैल्याने दूषित झालेल्या जागी तिच्यासारखी स्वस्त आणि खात्रीची दुसरी वस्तू नाही, आणि हिरव्या बाटलीच्या मोहात तेथे ती टाळणे हा गुन्हा ठरेल. ती एकटी वापरावी, मोजून वापरावी.

आणि ॲसिड जाते कुठे? आपल्या गावांत बहुतेक संडास टाकीवर आहेत. टाकीतले जंतू मैला कुजवतात. तीव्र आम्ल आणि जंतुनाशके सारखी ओतली की ते मरतात, टाकी लवकर भरते, उपसा वारंवार करावा लागतो. शिवाय टाकीतल्या गाळात सल्फाइड असते. त्यावर भरपूर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू मोकळा होतो. थोड्या प्रमाणात त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि उतरलेला माणूस तेथेच कोसळतो. ‘उपशापूर्वी टाकीत दोन बाटल्या टाका, मोकळी होईल’ असा सल्ला देणाऱ्याला हे सांगितले पाहिजे.

येथे एक विषयांतर आवश्यक आहे. पर्यावरणपूरक पर्याय म्हणून गोमूत्राच्या फिनाईलचा मोठा प्रचार होतो. २०२१ च्या आरंभी मध्य प्रदेश शासनाने सरकारी कचेऱ्या त्याने पुसण्याचा आदेश काढला होता. अशा बऱ्याचशा बाटल्यांत पाइनचे तेल किंवा कडुलिंबाचा अर्क असतो. वास त्यांचाच, आणि उपयोग झाला तर तोही मुख्यतः त्यांचाच. मग गोमूत्र कशासाठी? ते स्वच्छतेसाठी नाही, शुद्धीसाठी आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात गाईचे शेण आणि मूत्र घातलेले पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केले. पाण्यात शेण घातल्याने पाणी शुद्ध होते असे मानणाऱ्या शास्त्राचा रसायनशास्त्राशी संबंध नाही. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन निराळे शब्द आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांतला फरक प्रयोगशाळेत शिकवता येतो, कारण स्वच्छता मोजता येते.

राहिला प्रश्न हातांचा. दिवसाला चार-पाच घरांची भांडी घासणाऱ्या बाईच्या हातांचे तळवे तीव्र पावडरीने सोलवटतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखुर्डे होते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण कोणती पावडर आणायची हे घरमालकीणच ठरवते. सोडादेखील तासन्‌तास हातावर राहिला तर कातडी खातो. तेव्हा रबरी हातमोज्यांची जोडी ही पर्यावरणपूरक वस्तूंच्या यादीत पहिली लिहावी आणि ती मालकाने आणावी, पगारातून कापू नये.

टाकी भरली तर नगरपालिकेचे किंवा खाजगी उपसायंत्र बोलवावे. माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि ही बंदी नुसती नगरपालिकेवर नाही, ‘कोणत्याही व्यक्ती’वर आहे. घरमालक त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. धुण्याच्या सोड्याच्या पुड्याला मात्र आजही चहापाण्याइतकेच पैसे पडतात.