बोट फक्त एका रात्रीची!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? स्विमिंग पूल, बुफे, कॅसिनो आणि डेकच्या टोकाला ‘टायटॅनिक’ पोझ देणारी हनीमून कपल्स. आता यातला कॅसिनो काढून टाका. त्याजागी फोर्कलिफ्टने चढणारा माल, रात्री दोन वाजता लागणारं एखादं चिमुकलं बंदर आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन चढणारी गावकरी मंडळी आणा. ही नॉर्वेची किनारा-बोट. १८९३ मध्ये टपाल आणि माल पोचवायला सुरू झाली. आज बर्गन ते किर्केनेस अशी वर्षभर, रोज सुटते आणि वाटेत ३४ बंदरं घेते. आपल्या आजी-आजोबांना विचारा. भाऊच्या धक्क्यावरून सुटून रत्नागिरी, देवगड, मालवण करत पणजीला जाणारी बोट त्यांना नक्की आठवेल. तिचीच ही थंडीतली मावसबहीण म्हणा ना.

तर माझ्या हिंजवडीतल्या मैत्रिणीला नॉर्दर्न लाइट्स बघायचे आहेत. टेस्टिंगमध्ये आहे, गेली दोन वर्षं एफडी मोडायची नाही म्हणून गोव्यालाही गेलेली नाही. तिच्या खात्यात नऊ रजा शिल्लक. या नऊ रजा आणि ती एफडी, दोन्ही एकाच ट्रिपवर लावायचं तिने ठरवलं आणि मला पार्टनर केलं. एका टूर कंपनीने लगेच बर्गन-किर्केनेस-बर्गन अशी बारा दिवसांची अख्खी फेरी सुचवली. सोपं काम, बॅग एकदाच उघडायची.

मी म्हटलं, ‘अगं, थांब जरा.’

कारण साधं आहे. ऑरोराला दोन गोष्टी लागतात, अंधार आणि निरभ्र आकाश. (म्हणून जून-जुलैत जाऊ नका. उत्तरेत तेव्हा सूर्यच मावळत नाही.) अंधार ऑक्टोबरमध्ये भरपूर मिळतो. आकाशाचं मात्र किनाऱ्यावर काही खरं नाही. बर्गनला वर्षभरात साधारण मुंबईएवढा पाऊस पडतो, फक्त आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने पुरवून पुरवून पडतो. बाराही दिवस किनाऱ्यालगत काढायचे म्हणजे सगळे पैसे एकाच ढगावर लावणं झालं.

मग नकाशा उघडला आणि खरी गंमत कळली. नॉर्वेची रेल्वे ट्रॉन्डहाइमहून उत्तरेकडे ७२९ किलोमीटर धावते, आर्क्टिक सर्कल ओलांडते आणि बोडोला संपते. त्याच्याही उत्तरेला नार्विक हे स्टेशन आहे, पण बोडोशी त्याचा रुळांनी काही संबंध नाही. नार्विकची लाइन जाते थेट स्वीडनमध्ये, किरुनाच्या लोखंडाच्या खाणींकडे. म्हणजे या दोन रेल्वेंच्या मधली फट भरायला बोट! तिथे ती चैन नाही, कनेक्शन आहे. आणि बंदर-ते-बंदर तिकीट मिळतं. २०२१ पासून या मार्गावर हुर्टिगरूटन आणि हाविला अशा दोन कंपन्यांच्या बोटी असतात, दोघींचे दर ताडून बघा. जेवण बहुतेक वेळा या तिकिटात नसतं, केबिन मात्र घ्याच.

आमचा प्लॅन असा झाला. शुक्रवारी रात्री मुंबई सोडायची, शनिवारी ऑस्लो. रविवारी रेल्वेने ट्रॉन्डहाइम, सोमवारी दिवसभराच्या गाडीने बोडो. मंगळवारी दुपारी बोट. ती आधी वेस्टफ्योर्ड हा उघडा समुद्र ओलांडते (बोट लागत असेल तर गोळी इथे, आधीच घ्या), मग रात्री लोफोटेन बेटांतल्या स्वॉल्वेरला थांबते आणि बुधवारी दुपारी ट्रॉम्सो. चोवीस तासांत क्रूझची हौस पुरी! ट्रॉम्सोला तीन रात्री, मग बसने चारेक तासांत नार्विक, तिथे मुक्काम आणि रविवारी सकाळी स्वीडनची गाडी.

आणि इथे माझा हुकमाचा पत्ता. ही गाडी आबिस्कोला थांबते. समुद्राकडून येणारे ढग सीमेवरच्या डोंगरांत पाऊस सांडून मोकळे होतात, त्यामुळे पलीकडचं आबिस्को स्वीडनमधल्या सगळ्यांत कोरड्या जागांपैकी एक आहे. आपल्या महाबळेश्वर आणि फलटणचंच गणित. ट्रॉम्सोने दगा दिला तरी आबिस्कोच्या दोन रात्री हातात राहतात. मंगळवारी रात्रीच्या गाडीने स्टॉकहोम, बुधवारी फ्लाइट, गुरुवारी घर. रजा बरोब्बर नऊ. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ काढायचं, जाताना ऑस्लो, येताना स्टॉकहोम. परत ऑस्लोला जायची गरजच नाही.

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे व्हिसा एकच. तो कोणाकडे मागायचा? जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे. आमच्या नॉर्वेत आठ (बोटीची रात्र धरून), स्वीडनमध्ये ट्रेनसकट तीन. म्हणजे नॉर्वे. फी २०२४ पासून ९० युरो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यासाठी थांबू नका.

सगळ्यात जास्त भांडण झालं बोडोच्या हॉटेलवरून. मैत्रिणीचं म्हणणं, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचू, त्याच दुपारी बोट पकडू, हॉटेलचे पैसे वाचतील. हिशेब बरोबर आहे, पण बोट कोणासाठी थांबत नाही. याच लाइनवर ऑक्टोबर २०२४ मध्ये फिनेइडफ्योर्डजवळ दरड कोसळून गाडी घसरली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये लेव्हांगरजवळ जमीन खचून मार्ग बंद पडला. अशा वेळी मधल्या टप्प्यात बस लावतात आणि वेळापत्रक ताणलं जातं. निघण्याआधी गाडी सलग जातेय ना हे तपासाच, पण बोटीच्या आदल्या रात्री बंदरावर मुक्काम हवाच. मी हॉटेल बुक करून टाकलं. वर सकाळ मोकळी मिळतेय, तेवढ्यात बोडोजवळचं सॉल्टस्ट्राउमेन बघता येईल. जगातल्या सगळ्यात जोरदार भरती-ओहोटीच्या प्रवाहांपैकी हा एक.

बॅगेचं थोडक्यात. किनाऱ्याला गरम समुद्रप्रवाहाची ऊब आहे, ऑक्टोबरमध्ये पारा शून्याच्या आसपास किंवा जरा वर. थंडीपेक्षा डेकवरचा वारा जीव काढतो. एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा आत लोकरीचं, मधे फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. जीन्स आणि कॉटनचे मोजे विसरा, ओले झाले की वाळत नाहीत. खाकरा, चटणी, मेतकूट खुशाल न्या. पेढे आणि तूप मात्र घरीच ठेवा, बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेऊ देत नाहीत.

आता एकच मुद्दा अडलाय. मी म्हणतेय ट्रॉम्सोची एक रात्र कमी करून आबिस्कोला तीन करू. मैत्रीण ट्रॉम्सो सोडायला तयार नाही. त्याऐवजी बॉसकडे दहावी रजा मागणार आहे. बिनपगारी!